सायकोसिसला मराठीत नेमकं काय म्हणता? (नशा केल्यावर होतो तो)

पाणपोई:
एका व्यसनमुक्ती केंद्रासाठी घरच्यांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतेय आणि सायकोसिस या एका शब्दावर गाडी अडलीये. कोशात मनोविकृती मिळतो, पण विकृत म्हटलं की पेपरातला 'विकृत तरुणाला अटक' वालाच डोळ्यासमोर येतो. आता ज्या आईचा पोरगा एमडी (मेफेड्रोनची पावडर) घेऊन रात्र रात्र झोपत नाही आणि शेजारी मारायला टपलेत म्हणून कोयता उशाला घेऊन बसतो, तिला मी 'तुमच्या मुलाला मनोविकृती आहे' असं कसं लिहून देऊ? वेड लिहिलं तर डॉक्टर खोडतात. चित्तभ्रम बरा वाटतो पण फार पोथीतला. तुमच्याकडे काय म्हणतात?

खडीसाखर:
आमच्या सांगलीकडं सरळ 'डोक्यावर परिणाम झालाय'. अभ्यासाचा, प्रेमाचा, गांजाचा, सगळ्याला तेच. जुनी माणसं लागीर झालं म्हणतात, मग डॉक्टरच्या आधी देवऋषी. मुंबईवाल्यांचं 'ठाण्याला पाठवा' आणि पुणेकरांचं 'येरवड्याला पाठवा' आहेच, ते पत्रकात चालणार नाही म्हणा.

रात्रपाळी:
वॉर्डात काम करते म्हणून सांगते, आम्ही आपसात सायकोसिसच म्हणतो आणि नातेवाइकांशी बोलताना शब्द न वापरता काय दिसतं ते विचारतो. कानात आवाज येतात का, एकटाच बोलतो का, कुणावर संशय घेतो का. भास हा शब्द सगळ्यांना कळतो, कुणी नसताना आवाज ऐकू येणं, काहीतरी दिसणं. घोळ होतो तो भ्रमाशी. बोलताना आपण 'तुझा भ्रम आहे तो' म्हणतो तेव्हा अर्थ असा की समजावलं की जाईल, आणि इथली समजूत तर समजावून जातच नाही, उलट तुम्हीपण त्यांना सामील आहात असं होतं. म्हणून भ्रम लिहायचाच असेल तर पुढं एक वाक्य घाला की खोटी समजूत पक्की बसते, वाद घालून निघत नाही.

आणि सगळ्या नशांना एकाच पोत्यात घालू नका प्लीज. गर्दनं म्हणजे ब्राऊन शुगरनं माणूस खंगतो, चोऱ्या करतो, पण आवाज ऐकू येणं वगैरे सहसा नाही. एमडी मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन एकदम वाढवतं, त्यात झोप नाही, म्हणून संशय आणि भास तिथं जास्त. गांजा, चरसमध्ये टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती यावर बरंच काही. धोतऱ्याचं वेगळंच, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, आपण कुठं आहोत तेच कळत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू अचानक बंद केली की दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे साप दिसतात, वार कुठला ते सांगता येत नाही. याला घरचे 'डोकं फिरलं' म्हणतात आणि कोंडून ठेवतात, पण यात जीव जाऊ शकतो, लगेच हॉस्पिटल. धोतरा आणि दारू या दोन्हींना भ्रमिष्ट शब्द बसतो, एमडीवाल्याला नाही, त्याला तारीख वार सगळं ठाऊक असतं.

दमबाबा:
गांजाला उगाच ओढलंत यात. साधू लोक पिढ्यानपिढ्या चिलीम ओढतायत, कुठं वेडे झाले? इंग्रजांनीच कमिशन नेमलं होतं आणि त्यांनी क्लीन चिट दिली. भांग तर कायद्यातपण बसत नाही.

टिपकागद:
दमबाबा, भांगेचं बरोबर, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांवरच्या कायद्यात चरस आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे येतात, शेंड्याशिवायची नुसती पानं येत नाहीत. पण कमिशनचं अर्धंच सांगितलंत. १८९३-९४ चं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन, आणि मला वाटतं पाणपोईंचं उत्तर त्यातच आहे. तेव्हा सरकारदरबारी समज असा की वेड्यांची इस्पितळं गांजाच्या पेशंटनी भरलीत, कारण रजिस्टरमध्ये वेडाचं कारण या रकान्यात गांजा लिहिलेलं असायचं. कमिशनवाल्यांनी एकेक केस उकरून काढली तर दिसलं की रकाना डॉक्टर तपासून भरत नव्हतेच, माणसाला धरून आणणाऱ्या पोलिसांच्या कागदावरून कारण उतरवलं जायचं. रस्त्यावर बडबडणारा माणूस सापडला, गांजा ओढायचा एवढं कुणीतरी सांगितलं, झालं कारण. तपासल्यावर त्यातल्या निम्म्याहून जास्त केसेस गळाल्या. पण तरी कमिशननं असं नाही म्हटलं की गांजानं काही होत नाही! बेताची नशा मनाला अपाय करत नाही, अती केल्यास आणि विशेषतः मुळात कमकुवतपणा किंवा घराण्यात आजार असल्यास वेड लागू शकतं, असं दोन्ही लिहिलंय. तुमच्या बाजूचे लोक पहिलं वाक्य सांगतात आणि व्यसनमुक्तीवाले दुसरं.

त्यानंतरचं म्हणाल तर १९८७ ला स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजार पोरांचा १५ वर्षांचा हिशोब छापून आला, भरतीच्या वेळी ज्यांनी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेला त्यांच्यात स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचाच लांबणारा आजार) न ओढणाऱ्यांच्या सहापट. पण तोही होतो शंभरात जेमतेम एकाला, म्हणजे सहापट होऊनही बहुतेकांना काही होत नाही, आणि म्हणून प्रत्येक कट्ट्यावर एक 'मला तर काही झालं नाही' वाला सापडतो. २०१९ ला युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या अभ्यासात रोज जोरदार माल, म्हणजे टीएचसी १० टक्के किंवा वर, ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता जवळपास पाचपट निघाली. चिलमीतला गांजा आणि आज विकला जाणारा माल याला एकच शब्द आहे ही आपली अडचण.

दमबाबा:
बरं, पाचपट मान्य. पण साधूंना यातून वगळा :)

खडीसाखर:
कोण वगळणार, त्यांची मोजणी केलीय का कुणी? दिसतात ते न बिघडलेलेच दिसतात.

अवांतर, ते गर्द म्हणजे गर्द झाडीतलं गर्द का?

टिपकागद:
दाट अर्थाचा गर्द सोडा, फारसीत गर्द म्हणजे धूळ, भुकटी. ब्राऊन शुगर भुकटीच असते, मुंबईत ऐंशीच्या दशकात हा शब्द रुळला आणि त्याला आपला ठसठशीत प्रत्यय लागून गर्दुल्ला. आता कुठलीही नशा करणाऱ्याला गर्दुल्ला म्हणतात, ते मला खटकतं पण भाषा ऐकत नाही.

पाणपोई:
सगळ्यांना थँक्स. सध्या असं लिहिलंय: 'नशेमुळे झालेला सायकोसिस, म्हणजे भास होणं आणि खोट्या समजुती पक्क्या बसणं.' सायकोसिस तसाच ठेवला, शुगर आणि बीपी सगळे म्हणतातच की.

टिपकागद:
सायकोसिस ठेवलात ते उत्तम. 'नशेमुळे' काढा. तोच रकाना आहे तो, पोलिसाच्या जागी आता आपण.

रात्रपाळी:
हो, मी तेच लिहायला आले होते. पहिल्या आठवड्यात आम्हालाही ठरवता येत नाही. नशा सुटल्यावर साधारण महिनाभरात लक्षणं ओसरली तर नशेचा म्हणता येतं, तरी टिकलीच तर वेगळा आजार धरून उपचार करतात. आणि ओसरली म्हणजे विषय संपला असंही नाही, डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात नशेचा सायकोसिस म्हणून नोंदलेल्यांपैकी पुढं जवळपास एक तृतीयांश लोकांना स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलार (कधी उन्माद, कधी टोकाची उदासी असा आजार) निघाला, गांजावाल्यांत ४७ टक्के. घरचे 'नशेमुळे' वाचतात आणि म्हणतात नशा सुटली, आता गोळ्या कशाला. मग सहा महिन्यांनी परत आमच्याकडे. 'नशेनंतर सुरू झालेला' लिहा. खाली टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ टाका, मराठीत बोलतात तिथं.

पाणपोई:
'नशेनंतर' पण थोडं गंडतं ना? उतरल्यावर असं वाटतं, आणि पोरगा तर एमडी घेतोयच अजून.

रात्रपाळी:
मग 'नशा करू लागल्यावर सुरू झालेला'.

पाणपोई:
हे बसतंय, टाकते. आणि अंमली का अमली? प्रेसवाला विचारतोय.

टिपकागद:
मूळ अरबी अमल, मराठीत आपण नाकात बोलतो म्हणून अंमल. पेशव्यांचा अंमल आणि भांगेचा अंमल एकच. दोन्ही छापतात, पत्रकभर एकच ठेवा म्हणजे झालं.

दमबाबा:
टिंब देऊन टाका, चढल्यासारखं दिसतं.