जीआयसी व्ही२, व्ही३ आणि प्लिक: छोट्या कर्नलमध्ये तिन्ही कसे बसवू?

रात्रपाळी_कर्नल: मंडळी, सुट्टीच्या दिवशी सी मध्ये एक खेळण्यातलं कर्नल लिहितोय. रास्पबेरी पाय ४ वर सगळं मस्त, टायमरच्या टिक येतात, यूएआरटी (सिरियल पोर्ट) बोलतं. त्यात जीआयसी-४०० म्हणजे व्ही२ आहे (जीआयसी हा आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर, डिव्हाइसच्या हाका प्रोसेसरला पोचवणारा). आता क्यूईएमयू इम्युलेटरच्या व्हर्ट मशीनला व्ही३ लावलं तर टायमर एकदम गप्प, आणि पुढे रिस्क-व्ही करायचंय म्हणजे प्लिक (तिकडचा इंटरप्ट कंट्रोलर) आलाच, इकडे कोडमध्ये आत्ताच इफडेफचं (हार्डवेअरनुसार कोड निवडणाऱ्या अटींचं) रान माजलंय. कसं मांडू?

पुणेरी_पॉइंटर: आधी ते इफडेफ उपट बाबा. फंक्शन पॉइंटरचं एक स्ट्रक्ट कर, त्यात मास्क, अनमास्क (इंटरप्ट बंद-चालू), क्लेम (आलेला इंटरप्ट उचलणं), ईओआय (त्याचं काम संपल्याचं कळवणं) एवढंच, आणि बूट होताना डिव्हाइस ट्रीतली (हार्डवेअरच्या यादीतली) कम्पॅटिबल स्ट्रिंग बघून कुठलं लावायचं ते ठरव. लिनक्समधलं आयआरक्यू-चिप साधारण हेच आहे. क्लेम हे नाव मुद्दाम सुचवतोय, जीआयसीत आयएआर रजिस्टर वाचायचं, प्लिकमध्ये क्लेम रजिस्टर, काम तेच. फक्त व्ही२ मध्ये एसजीआय (एका कोरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) आला तर आयएआरमधून आलेली अख्खी व्हॅल्यू ईओआयला परत द्यायची, त्यात पाठवणाऱ्या कोरचा नंबर असतो. नुसता इंटरप्ट नंबर काढून तोच परत लिहिलास तर फसशील, मी दोन रविवार घालवलेत त्यात.

खटपट्या६४: स्ट्रक्ट ठीक आहे पण खरी भानगड नंबरांची आहे. डिव्हाइस ट्रीत टायमरला पीपीआय १४ लिहिलेलं असतं, हार्डवेअरला तो ३०, कारण पीपीआय (एकेका कोरचे खाजगी इंटरप्ट) १६ पासून मोजायचे आणि एसपीआय (सगळ्या कोरचे सामाईक) ३२ पासून. हे भाषांतर कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्येच ठेव, बाकी कर्नलला कळूच देऊ नकोस. आणि तुझा टायमर गप्प का तर व्ही३ मध्ये पहिले ३२ इंटरप्ट डिस्ट्रिब्युटरमध्ये (जीआयसीच्या सगळ्या कोरसाठीच्या सामाईक भागात) नाही, प्रत्येक कोरच्या रीडिस्ट्रिब्युटरमध्ये चालू करायचे असतात. तो झोपलेला असतो, वेकर रजिस्टरमधला प्रोसेसर-स्लीप बिट काढ, मग चिल्ड्रन-अस्लीप शून्य होईस्तोवर थांब. सीपीयू इंटरफेस पण आता मेमरीत नाही, सिस्टिम रजिस्टरमधून, तेव्हा आधी तो मार्ग चालू करणारा एसआरई बिट लाव.

पुणेरी_पॉइंटर: +१. प्लिकचं एक लक्षात ठेव, टायमर आणि आयपीआय (कोर-कोरमधले इंटरप्ट) त्याच्यातून येतच नाहीत, हार्टला (रिस्क-व्हीमधल्या कोरला) थेट येतात, प्लिक फक्त बाहेरच्या डिव्हाइसचं बघतो. म्हणून त्या स्ट्रक्टमध्ये आयपीआय पाठवायचं फंक्शन सक्तीचं करू नको.

रात्रपाळी_कर्नल: खटपट्या दादा, रीडिस्ट्रिब्युटरच होता! मी पीपीआय डिस्ट्रिब्युटरमध्ये चालू करत बसलो होतो, व्ही२ ला ते चालायचं म्हणून शंकाच आली नाही. आता टिक येतायत. एकच, आठपेक्षा जास्त कोरसाठी व्ही२ मध्ये काही सोय आहे का?

खटपट्या६४: नाही, तिथे आठवरच थांबतं. जास्त हवे तर व्ही३.