ग्वामचे गव्हर्नर: एक पुरवणी

पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाचा गव्हर्नर वॉशिंग्टनहूनच नेमला जातो, असं म्हटलं जातं. १९७० पर्यंत ते खरं होतं, आता नाही.

सुरुवातच मजेशीर आहे. जून १८९८ मध्ये अमेरिकन युद्धनौका 'चार्ल्सटन'ने बंदरात तोफा डागल्या, तर स्पॅनिश अधिकाऱ्यांना ती सलामी वाटली! बेट तेव्हा स्पेनकडे होतं आणि स्पेन-अमेरिका युद्ध सुरू झाल्याची बातमीच तिथे पोचली नव्हती. कॅप्टन ग्लासने गव्हर्नर हुआन मरीनाला कैद करून मनिलाला नेलं, पण मागे कारभाराला अमेरिकेचा धड एक माणूस ठेवला नाही.

१८९९ मध्ये आलेला रिचर्ड लीअरी हा पहिला नौदल गव्हर्नर. त्याने स्पॅनिश पाद्र्यांना हाकललं, गावोगावच्या संतांच्या जत्रांवरही बंदी घातली. पुढची चाळीसेक वर्षं, जपानने १९४१ मध्ये बेट घेईपर्यंत, नौदलाचा अधिकारी म्हणेल तोच कायदा. लोकशाहीच्या बाता मारणाऱ्या देशाचं हे राज्य!

बेट पुन्हा अमेरिकेकडे आल्यावर, १९४९ मध्ये कार्लटन स्किनर हा पहिला मुलकी गव्हर्नर आला, १९६० मध्ये जोसेफ फ्लोरेस हा पहिला चामोरो, म्हणजे बेटाच्या मूळ रहिवाशांपैकी. १९७० च्या निवडणुकीत जिंकलेला कार्लोस कामाचो मात्र आधीच नेमणुकीने त्या खुर्चीवर होता. म्हणजे शेवटचा नेमलेला आणि पहिला निवडलेला गव्हर्नर एकच. राष्ट्राध्यक्षासाठी मतदान मात्र तिथल्या रहिवाशांना आजही करता येत नाही.