क्लाउडचे पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलावेत का?

सांगलीकर
आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस. रात्री अकराला नॅसवरून (ऑफिसच्या नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) सगळ्या फाइल्स क्लाउडवर चढतात. जूनमध्ये आमच्यातल्या एकाने 'दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला' हा नियम मनावर घेतला आणि खात्याचा पासवर्ड बदलला. नॅसमध्ये साठवलेला मात्र जुनाच राहिला. एररचे मेल रोज निघत होते, पण जायचे नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. ऑगस्टमध्ये एका अशिलाचं फोल्डर उडालं, तेव्हा कळलं की शेवटची प्रत जूनची.
माझं मत: पासवर्ड लांबलचक ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि चाललेल्या गाड्याला हात लावू नका.

रातराणी
साफ असहमत. त्या मुलाला पासवर्ड ठाऊक होता ना? म्हणजे बदलला नसता तर अशिलांचे पॅन आणि बँकेचे उतारे आजही त्याला घरबसल्या दिसले असते.
ड्रॉपबॉक्स आठवा. चोरी २०१२ची. सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचे ईमेल आणि हॅश केलेले (सरळ वाचता येऊ नयेत असे बदललेले) पासवर्ड गेलेत, हे उघड झालं २०१६मध्ये. मधल्या काळात ज्यांनी पासवर्ड बदलला होता, त्यांना त्या चोरीची झळ नव्हती. चोर आपल्याला कळवून येत नाही हो.

सांगलीकर
मुलगा गेला त्या दिवशी बदलायला हवा होता, ही चूक कबूल. पण ते कारण झालं. तारीख उजाडली म्हणून बदलणं वेगळं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७मध्येच सांगितलंय की मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तर लावा. मायक्रोसॉफ्टनेही २०१९मध्ये विंडोजच्या शिफारशींतून ती अट काढली. सक्ती केली की माणसं काय करतात? शेवटचा १ जाऊन २ येतो, बस्स.

चहाबाज
अवांतर: आमच्याकडे पासवर्डची चिठ्ठी राउटरच्या पोटाला चिकटवलेली आहे. बदलला की जुन्यावर काट मारून खाली नवा. आता पाचवी ओळ चालू आहे.

जुनं खोड
तुम्ही दोघंही पासवर्डवरून भांडताय, पण बऱ्याच ठिकाणी तो साठवलेलाच नसतो. गूगल ड्राइव्ह आरक्लोनने (क्लाउडवर फाइल्स चढवायचा-उतरवायचा प्रोग्राम) जोडलं की साठतं ते टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा परवाना. पासवर्ड बदलला की जीमेलची परवानगी असलेली टोकनं रद्द होतात. नुसत्या ड्राइव्हची असलेली चालू राहतात. म्हणजे रातराणीताई, तुमचा उपाय करूनही त्या मुलाच्या लॅपटॉपवर आरक्लोन जोडलेलं असेल तर फाइल्स उतरतच राहतील. खात्यात जाऊन त्या ॲपची परवानगीच काढावी लागते. ॲप पासवर्डचं (एखाद्या ॲपपुरता वेगळा बनवून घेतलेला पासवर्ड) उलट: मुख्य पासवर्ड बदलला की ते सगळे एकदम बाद. आणि आरक्लोनच्या सेटिंग्जच्या कॉन्फिग फाइलला वेगळा पासवर्ड लावला नसेल, तर ती फाइल उचलणाऱ्याला टोकन आयतंच मिळतं.

रातराणी
टोकनाचं माहीत नव्हतं, आभार. पण मग माझा मुद्दा पक्काच झाला की! तारीख हवीच, त्या दिवशी काय काय जोडलंय याची झडती घ्यायची. आणि बॅकअप बंद पडायची भीती म्हणाल, तर ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीवर एका आयएएम वापरकर्त्याला (खात्याच्या आत काढलेला वेगळा वापरकर्ता) दोन ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रामने आत शिरायच्या किल्ल्या, ठेवता येतात. नवी बनवायची, नॅसमध्ये घालायची, एक रात्र बॅकअप होऊ द्यायचा, मग जुनी निष्क्रिय करायची. डिलीट लगेच नाही, चारेक दिवसांनी. एकही रात्र चुकत नाही.

सांगलीकर
आमच्या सेवेत दोन किल्ल्यांची सोय नाही. एक खातं, एक पासवर्ड, आणि तो नॅसमध्ये, दोन पीसींच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्ड साठवायची जागा) आणि साहेबांच्या फोनमध्ये. एक जागा राहिली की तेच रामायण. झडतीला माझी ना नाही, ती वर्षातून दोनदा घेऊ. पासवर्ड मात्र कारण असल्याशिवाय बदलणार नाही.

रातराणी
त्या चार जागा कागदावर लिहिल्यात तर बदलायला वीस मिनिटं लागतील. आळसाला एनआयएसटीचं नाव देऊ नका. :)

जुनं खोड
एक शंका. एररचे मेल अजून त्या मुलाच्याच पत्त्यावर जातायत का?

सांगलीकर
आलोच दहा मिनिटांत.