मदत हवी आहे : गटारावरच्या चित्रासाठी मराठी ओळ

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत बाल्टिमोरला राहतो. इथे पावसाळी गटारांच्या तोंडाशी चित्रं काढायची पद्धत आहे, कारण रस्त्यावरचं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट चेसापीकच्या खाडीत जातं. यंदा आमच्या गल्लीची चित्रं पूर्ण झाली की छोटा सोहळा आहे आणि एक कोपरा मराठी पोरांना मिळालाय. त्यांनी निळा खेकडा काढलाय. मादी आहे, म्हणून नांग्यांची टोकं लाल, अगदी नेलपॉलिश लावल्यासारखी!

आता अडलंय ते ओळीवर. पाच-सहा शब्दांत बसेल असं काही सुचवा. 'कचरा टाकू नका' नको, ती पाटी जन्मभर वाचली. आणि 'चेसापीक बे'मधल्या 'बे'ला (bay) उपसागर म्हणावं की खाडी? गोडं-खारं पाणी मिसळतं, म्हणून मला खाडीच बरोबर वाटते.

दुसरं, मागच्या वेळचा अ‍ॅक्रिलिक रंग पहिल्याच हिवाळ्यात पोपडे धरून निघाला. काँक्रीट नीट धुतलं नव्हतं, हे खरं. आधी प्रायमर लावावा का? वरून सीलर (रंग टिकवणारा वरचा थर) लावला तर ओल्यात पाय घसरेल का? कुणी केलं असेल तर सांगा.

पोहे मी करतेय, त्याची काळजी नको.