ड्रॅग लिंक कापून जोडू नका, आधी तिचा कोन बघा

गाडीला पुढचा अ‍ॅक्सल (चाकं धरणारा दांडा) नवा बसवला की जुनी ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाच्या आर्मपर्यंत जाणारा रॉड, लांब पडते, म्हणून ती मधून कापून वेल्ड करावी, असं काही जण सुचवतात. कृपया नको! तो जोड तुटला की चाकं तुमच्या हातात राहत नाहीत. योग्य मापाचा नवा रॉड करून घ्या.

पण लांबीपेक्षा कोन महत्त्वाचा. लिंक गाडीच्या लांबीत आणि स्टिअरिंग बॉक्स अ‍ॅक्सलच्या मागे असेल, पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) चेसीला पक्का जोडलेला डोळा पुढे आणि शॅकल (हलती जोडकडी) मागे असेल, तर अ‍ॅक्सल एका कमानीत हलतो आणि लिंकचं पुढचं टोक उलट्या कमानीत. खड्ड्यात चाक आपोआप वळतं ते यामुळेच. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना लिंक शक्य तितकी जमिनीला समांतर हवी. चेसी स्टँडवर ठेवा, स्प्रिंगचा फक्त मुख्य पाटा जोडा, स्टिअरिंग कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि जॅकने अ‍ॅक्सल वर-खाली करा. चाक किती वळतं ते लगेच दिसेल.

आणि हो, लिंकच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा (फिरत्या सांध्याचा) टेपर, म्हणजे त्याच्या खिळीचा निमुळता उतार! खिळीला निळा रंग लावून ती आर्मच्या भोकात बसवून काढा. रंग फक्त एका कडेलाच उमटला तर टेपर जुळत नाही. नट कितीही आवळला तरी खिळी हलत राहणार.