गाव ओस पडतं तेव्हा मागे काय उरतं

दादा: काल प्रिप्यातचं, म्हणजे चेर्नोबिलच्या अणुभट्टीजवळच्या शहराचं, बोलणं अर्धवट राहिलं. अणुभट्टीत स्फोट झाला म्हणून ते रिकामं केलं. २७ एप्रिल १९८६ ला बसगाड्या लागल्या आणि सुमारे ४९ हजार माणसं निघाली. सांगितलं होतं, तीनच दिवसांसाठी.

मावशी: तीन दिवसांचं म्हणून कुणी काय बरोबर घेतलं असेल रे? काल रात्री तेच डोक्यात घोळत होतं. फोटोतली ती खाटेवरची बाहुली बघवत नाही.

दादा: मावशी, तशा पुष्कळ बाहुल्या नंतर आलेल्यांनी फोटोसाठी मांडल्यात. खऱ्या वस्तू बऱ्याचशा चोरीला गेल्या. याचाच मला जास्त राग येतो.

नाना: म्हणून मला कॅलिफोर्नियातलं बोडी आवडतं. सोन्याच्या खाणीचं गाव, १९६२ पासून सरकारी संरक्षणात. छप्पर गळलं तर नीट करतात, भिंत कलली तर टेकू देतात. पण नवं रूप द्यायचं नाही. दुकानातला माल अजून फळीवर आहे. ओस गावाला हात लावायचा तर एवढाच.

ताई: नाना, पण टेकू द्यायला पैसा आणि माणूस लागतो ना. चिलीतलं हंबरस्टोन घ्या. वाळवंटात सोऱ्याच्या, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या क्षाराच्या, खाणींवर वसलेलं. कारखान्यात कृत्रिम खत तयार व्हायला लागलं, सोऱ्याचा भाव पडला, १९६० मध्ये काम थांबलं. मग पत्रे, लाकूड, जे निघेल ते भंगारात गेलं. २००५ मध्ये जागतिक वारशात घेतलं ते थेट धोक्याच्या यादीत टाकूनच! डागडुजी करत करत २०१९ मध्ये त्या यादीतून बाहेर आलं. तिथं नुसता टेकू पुरला नसता.

नाना: हे पटलं. सगळीकडे एकच माप लावता येणार नाही.

दादा: नामिबियातल्या कोल्मान्सकोपच्या घरांत तर वाळू शिरलीय. हिऱ्यांवर उभं राहिलेलं गाव, १९५६ पर्यंत रिकामं.

मावशी: आणि जिथं घरंच उरली नाहीत?

ताई: सेंट्रालिया, मावशी. पेनसिल्व्हेनियात. जमिनीखालच्या कोळशाला १९६२ मध्ये लागलेली आग अजून धुमसतेय. बहुतेक घरं पाडली, २००२ मध्ये पिनकोडही रद्द केला. रस्ते आहेत, दोन्ही बाजूंना झाडी. पण टेकडीवरच्या चर्चमध्ये अजून प्रार्थना होते, आसपासच्या गावांतून माणसं येतात.

मावशी: येतात ना? बरं वाटलं गं ऐकून. त्या गावाचा जुना नकाशा मिळाला तर टाक इथं. कुठली गल्ली कुठं होती ते बघायचंय मला.