अनुभव धागा: काशीची गंगा, नावेतून आणि पायी

मंडळी, काशीला जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. पण विश्वनाथाचं दर्शन, दशाश्वमेधची आरती आणि साड्यांची खरेदी एवढ्यात बहुतेकांची काशी उरकते. या धाग्यावर फक्त नदीबद्दल लिहूया. अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत गंगा शहराला चंद्रकोरीसारखी बिलगून वाहते आणि डाव्या काठावर ८४ घाट आहेत. इथे ती उत्तरवाहिनी आहे, त्यामुळे घाटांची तोंडं पूर्वेला. समोर वस्ती नाही, नुसती रेती. म्हणून उगवतीचं पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर येतं.

सुरुवात मी करते. माझं ठाम मत आहे की आधी नाव, मग पाय. घाटावर चालताना पायऱ्या दिसतात, वरच्या इमारती दिसत नाहीत. चेतसिंह घाटाचंच घ्या. चालताना ती एक उंच भिंत आहे, बस. नावेतून थोडं आत गेलं की अख्खा किल्ला समोर येतो आणि वरच्या खिडक्या दिसतात. १७८१ मध्ये इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या राजा चेतसिंहाला इथे नजरकैदेत ठेवलं, तेव्हा तो नदीकडच्या खिडकीतून पागोट्यांच्या दोरीने खाली उतरला आणि नावेत बसून निसटला, असं सांगतात. ती उंची पाण्यातून बघितल्यावर पोटात गोळा येतो.

पहाटे अस्सीला वल्ह्याची नाव ठरवा. इंजिनाच्या नावा आता बऱ्याचशा सीएनजीवर चालतात, धूर कमी झालाय, पण आवाज आहेच. वल्ह्याच्या नावेत घाटावरची घंटा, धोब्यांच्या कपड्यांचा आपटल्याचा आवाज, आखाड्यातली आरोळी, सगळं ऐकू येतं. अस्सीहून निघालं की प्रवाह सोबतीला असतो. परतीला आमचा नाववाला काठाला चिकटून वल्हवत होता. मी विचारलं तर म्हणाला, "बीच में धार तेज है, दीदी. किनारे-किनारे गंगाजी रास्ता देती हैं." काठाजवळ प्रवाह मंद असतो, हे त्याच्या दंडाला ठाऊक होतं.

आता तुम्ही लिहा.

ठाण्याहून

बांधकाम क्षेत्रात आयुष्य गेलं, म्हणून मला शिंदे घाटाने खिळवून ठेवलं. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास तो बांधवला. दगडाचं काम इतकं अवजड की खालची जमीन पेलू शकली नाही आणि घाट खचला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ तर साध्या डोळ्यांना कळेल एवढं कललेलं आहे आणि वर्षातले बरेच महिने गाभारा पाण्यात असतो. लोक आईच्या शापाची गोष्ट सांगतात. मी मात्र पायथ्याशी गेलो, शिखराची रेघ आणि मागच्या पायऱ्यांची रेघ ताडून पाहिली. पुराच्या पाण्याने दरवर्षी भिजणारा, सुकणारा, पुन्हा भिजणारा गाळ आणि त्यावर एवढा दगड! देऊळ पूर्ण कोसळलं नाही, हेच मला त्या पाथरवटांचं मोठेपण वाटतं. एकेक चिरा अजून सांध्यात घट्ट आहे.

नावेतून कल जास्त स्पष्ट दिसतो, कारण बाजूला शिंदे घाटाचे सरळ बुरूज असतात. पाणी उतरलेलं असेल तर मात्र चालतच जा.

नागपूरहून

वरच्या दादांच्या शिंदे घाटावरून तसंच उत्तरेला चालत राहा. संकठा घाट, गंगामहल आणि मग आमचा भोसले घाट! नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधलेला. खाली लालसर दगडाची जाडजूड भिंत, वर वाडा आणि लक्ष्मीनारायणाचं मंदिर. माझ्या सासूबाई नागपूरच्या महाल भागातल्या. त्या पायऱ्यांवर बसल्या आणि भिंतीला हात लावून म्हणाल्या, "आपल्या राजांचं घर गं हे." मग उठायलाच तयार नव्हत्या.

चालत गेल्यावरच लक्षात येतं की हा सगळा पट्टाच मराठ्यांचा आहे. शिंदे, भोसले, ग्वाल्हेरचा घाट, बालाजी घाट, पुढे पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. दक्षिणेला दशाश्वमेधच्या शेजारी अहिल्याबाईंचा घाट आहेच. नावेत ही नावं भराभर मागे पडतात. शिवाय इकडे गर्दी अगदी कमी. दशाश्वमेधला धक्के खाणाऱ्यांनी सकाळचा एक तास या टापूला द्यावा.

पुण्याहून

पंचगंगा घाटाबद्दल लिहायलाच हवं. नाथांनी आपला भागवतावरचा ग्रंथ काशीतच पुरा केला, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला. पैठणहून निघालेला माणूस इथे मराठीत लिहीत बसला होता, हे मनात धरून मी कार्तिकातच गेलो.

पौर्णिमेला देवदिवाळी असते, घाटाघाटावर दिवे असतात, पण नावेचे दर कैक पटींनी चढतात आणि नदीत नावांचीच दाटी होते. माझा आग्रह असा की चार-सहा दिवस आधी जा. कार्तिकभर पंचगंगेवर आकाशदिवे लावतात. उंच बांबू रोवलेले असतात. संध्याकाळी एक आजी वेताच्या लहानशा टोपलीत पणती ठेवत होत्या. वात पुढे सरकवली, वारा अडवायला पदर धरला आणि दोरी ओढत टोपली हळूहळू वर चढवली. पितरांना वाट दिसावी म्हणून हा दिवा. शेजारी अहिल्याबाईंनी उभारलेली दगडी दीपमाळ आहे, आपल्याकडच्या देवळांत असते तशीच, पण तिचे दिवे लागतात ते पौर्णिमेला.

घाटाच्या वर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. जुनं बिंदुमाधवाचं देऊळ तिथे होतं. आत्ताचं बिंदुमाधव जवळच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेलं. पायऱ्या खड्या आहेत. सावकाश चढा, पण चढा. वरून गंगेचं वळण दोन्ही बाजूंनी दिसतं.

इंदूरहून

वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. विधी आटोपल्यावर भावाने नाव केली आणि आम्ही मणिकर्णिकेसमोर थोडा वेळ थांबलो. लाकडाच्या मोळ्यांनी भरलेल्या नावा काठाला लागलेल्या होत्या, वर मोठ्या तराजूत लाकूड तोललं जात होतं. रडारड जवळजवळ नाही. माणसं वाट बघतात, चहा पितात, पुन्हा चितेकडे बघतात. मला तिथे भीती वाटली नाही, उलट महिनाभर घशात अडकलेलं काहीतरी सुटलं.

एक कळकळीची विनंती: तिथे मोबाईल काढू नका. नावेतूनही नाही. शेजारच्या नावेतल्या एकाने काढला, तर आमच्या नाववाल्याने वल्हं थांबवून त्याला जोरात सुनावलं आणि त्याचं बरोबर होतं. समोर कुणाचे तरी बाबा असतात.

सांगलीहून

आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट चढलं यावर श्वास घेणारी माणसं, म्हणून मी मुद्दाम पूर बघायला श्रावणात गेलो. इथे मोजमाप मीटरमध्ये असतं. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, आणि १९७८ चा पूर ७३.९०१ पर्यंत गेला होता. पाणी चढलं की घाटांना जोडणारी वाट आधी बुडते, एका घाटावरून दुसऱ्यावर जाताच येत नाही. मग नावा बंद होतात. आरती गच्चीवर होते. मणिकर्णिकेला चिता वरच्या छतावर रचतात, हरिश्चंद्र घाटाला थेट गल्लीत. शहर थांबत नाही, फक्त दोन मजले वर सरकतं.

तेव्हा फिरायचं असेल तर पावसाळ्यात जाऊ नका. पण पाणी उतरल्यावर आलात तर एक गोष्ट बघा. पायऱ्यांवर कमरेएवढा गाळ साचलेला असतो आणि माणसं पंप लावून, जाड पाइपातून गंगेचंच पाणी मारून तो धुऊन काढतात. पायरीमागून पायरी. दिवाळीपूर्वी घाट मोकळे व्हावेत म्हणून ही मेहनत चालते. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं.

दादरहून

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणं शक्यच नव्हतं. आम्ही नमो घाटावरून बसलो. तो नवा आहे, उतरायला रॅम्प आहे. अस्सीपर्यंत गेलो आणि परत आलो. आईला सगळ्यात आवडलं ते ललिता घाटावरचं लाकडी नेपाळी मंदिर, नावेतूनच बघितलं. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी दर आधी ठरवावा आणि लाइफ जॅकेट मागून घ्यावं.

वाराणसीहून

माझं घर ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत. आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच. घरात मराठी, दाराबाहेर बनारसी. तुम्हा सगळ्यांचं वाचून फार आनंद झाला, विशेषतः नागपूरच्या ताईंचं.

दोन गोष्टी सांगतो. थंडीत पाहुणे पक्षी येतात, पांढरे गंगाचिल्ले, म्हणजे सीगल. नावेत त्यांना शेव घालायला पुड्या विकतात. कृपा करून घालू नका. तळलेलं मीठमसाल्याचं त्यांचं अन्न नाही, नदीत त्यांना मासे आहेत.

दुसरं, बहुतेक जण राजघाटाच्या पुलाशी थांबतात. तो मालवीय पूल १८८७ चा, खालून रेल्वे, वरून रस्ता. त्याच्या पलीकडे वरुणा गंगेला मिळते तिथे आदिकेशव आहे. पुराणं ज्याला काशीतलं विष्णूचं पहिलं स्थान म्हणतात ते हे. राजघाटापर्यंत नावेने या आणि पुढे रस्त्याने चाला. हिवाळ्यात आलात तर आधी चौकात कुल्हडमधलं मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, खा. ऊन चढलं की ते विरतं, तेव्हा आठच्या आत या. ब्रह्मा घाटावर मराठी घर विचारलंत की कुणीही दार दाखवेल.